मंडळाचा लांडगा

एका जंगलात माणसं नव्हती. त्यामुळे माणसांसारखं वागण्याची सगळी जबाबदारी, बाळांनो, प्राण्यांवरच येऊन पडली होती.

बरीच वर्षं त्यांनी ती टाळली.

त्या जंगलाच्या कडेला मोठं माळरान होतं. एका टोकाला जांभळाचं झाड, दुसऱ्या टोकाला ओढा. माळावर हरणं चरायची. लांडगा आला की पळायची. लांडगा गेला की पुन्हा चरायची. कोण किती जोरात पळालं, हे कुणी विचारत नसे. जो हळू पळाला तो संध्याकाळी दिसत नसे. निकाल असा जागच्या जागी लागायचा आणि त्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही.

मग एक दिवस शहरातून एक कावळा आला.

"माणसं धावतात," कावळा म्हणाला.

"मागे कोण लागतं?" हरणांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग धावतात कशाला?"

"ते मला कळलं नाही. एका ओळीत उभी राहतात. धडाम् असा आवाज होतो. मग जीव खाऊन पळतात. मग थांबतात."

"पोचतात कुठे?"

"पुष्कळदा गोल फिरून जिथून निघाली तिथेच."

सगळं जंगल पोट धरधरून हसलं.

"आणि वेग?"

कावळ्याने इकडेतिकडे पाहिलं. रानडुकराचं एक पिल्लू चिखलात लोळत होतं. "हेसुद्धा त्यांच्या पुढे जाईल," तो म्हणाला. "पण मागच्या खेपेपेक्षा पापणी लवेल एवढ्या वेळाने कुणी लवकर पोचला, की गाव वेडं होतं. त्याला हार घालतात. गाणं वाजवतात. गाणं ऐकून तो रडतो. त्याला रडताना बघून बाकीचे रडतात. आणि त्याचं नाव शाळेत पाठ करायला लावतात."

आता कुणी हसलं नाही.

"आपण जन्मभर पळतोय," एक म्हातारी हरिणी म्हणाली. "आणि आपल्याला एक साधी झेंडूची माळ नाही!"

झालं. पुढच्या पौर्णिमेपर्यंत 'वन्य धाव मंडळ' उभं राहिलं.

अध्यक्ष झाले शृंगारराव सांबर. त्यांची शिंगं एवढी ऐसपैस होती, की ते व्यासपीठावर बसले की दुसऱ्या कुणाला अध्यक्ष व्हायला जागाच उरत नसे. कार्यवाह झालं साळिंदर. त्याचं नाव काटेकोरपंत. शास्त्रीय सल्लागार म्हणून बगळा आला. त्याला सगळे एकपादशास्त्री म्हणत. शास्त्रीबुवा जन्मात कधी धावले नव्हते. एका पायावर उभं राहूनच त्यांनी चार पायांच्या धावण्याचा अभ्यास केला होता. आहार समितीवर अस्वल आलं. हरणांनी काय खावं हे ते ठरवायचं आणि ते बरोबर आहे का, हे स्वतः खाऊन पाहायचं.

मंडळात धावणारं असं कुणी नव्हतं. धावणाऱ्यांना वेळ कुठे असतो?

वेळ मोजायला टिटवी नेमली. ती धावपट्टीवर घिरट्या घालत 'टिव, टिव, टिव' ओरडायची. जितके टिव कमी, तितकं हरीण चपळ. मंडळी कामाला लागली.

हे सगळं एक जण टेकाडावर बसून पाहत होता.

त्याचं नाव धोंडोबा लांडगा. वयाने उतरलेला. पुढचा एक दात पडलेला. टेकाडाच्या पोटात त्याची गुहा होती. गुहेत बायको भागाबाई आणि चार पिल्लं.

धोंडोबाला काही समजेना. समोर हरणं वाऱ्यासारखी पळत होती, आणि तो तर इथे बसलेला होता.

"ही कुणाला भिऊन पळतायत?" त्याने बायकोला विचारलं.

"तुम्हाला तर नाही," भागाबाई म्हणाली.

हे बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तो माळावर उतरला आणि एका हरणामागे लागला. हरणाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याचा सराव झाला होता. धोंडोबा अर्ध्या वाटेवर धापा टाकत बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला. पिल्लांच्या बरगड्या दिसायला लागल्या. धोंडोबा उंदीर पकडू लागला, मग टोळ. एकदा तर त्याने बोरं खाल्ली आणि घरी येऊन सांगितलं नाही.

तिकडे मंडळात आनंदीआनंद होता. झुळूक नावाची एक तरुण हरिणी होती. बारीक पाय, लांब मान. ती जांभळापासून निघाली की ओढ्यापर्यंत जणू जमिनीला पाय लावतच नसे. दर महिन्याला ती नवा विक्रम करायची. आधी पन्नास टिव. मग सत्तेचाळीस. मग त्रेचाळीस. दर महिन्याला हार, दर महिन्याला शृंगाररावांचं भाषण.

असं करता करता ती चाळीस टिववर आली आणि तिथेच थांबली.

मंडळाने काय काय केलं नाही! धावपट्टीवरचे खडे वेचले. गवत काढलं. झुळुकीचे खूर घासले. अंगावरचे केस भादरले, तशी ती थंडीने कुडकुडली. अस्वलाने तिला मध चाटवला, तशी ती झोपली. मोरांना मागे उभं करून पिसाऱ्याने वारा घालायला लावलं. मोर नाचायलाच लागले आणि सगळं जंगल झुळुकीला सोडून मोरांकडे बघत बसलं.

चाळीस म्हणजे चाळीस.

शेवटी एकपादशास्त्र्यांना पाचारण केलं. ते पाण्यात एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मर्यादा आली."

"म्हणजे?" शृंगाररावांनी विचारलं.

"धावताना खूर जमिनीला टेकतो तो क्षणभर. त्या क्षणात जेवढा जोर जमिनीला देता येईल, तेवढाच वेग. हाड सोसेल तेवढंच, स्नायू ताणेल तेवढंच, छाती भरेल तेवढंच. माणसांचंही असंच झालं आहे. त्यांनी जोडे बदलले, कपडे बदलले, जेवण बदललं, धावपट्टी बदलली. आता फक्त माणूस बदलायचा राहिला आहे. चाळीसच्या खाली कोणतंही हरीण येणार नाही. निसर्गाचा नियम आहे."

"पण मग मंडळाचं काय?" शृंगारराव कळवळून म्हणाले. "विक्रम नाही म्हणजे हार नाही. हार नाही म्हणजे भाषण नाही!"

तेवढ्यात ती मघाची म्हातारी हरिणी खाकरली.

"मी एकदा याच्यापेक्षा जोरात पळाले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"तरुणपणी. जांभळाखालून निघाले ती ओढ्यापलीकडेच भानावर आले."

"कोणता आहार होता?"

"आहार मी होते," म्हातारी म्हणाली. "मागे लांडगा होता."

एकपादशास्त्र्यांनी एक डोळा उघडला. "तेव्हा टिटवी हजर नव्हती. त्यामुळे ती धाव झालीच नाही, असं शास्त्र मानतं." मग त्यांनी दुसरा डोळा उघडला. "पण प्रयोग करून पाहायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी काटेकोरपंत धोंडोबाच्या गुहेशी आले. अंगावर काटे असल्यामुळे अशा कामाला नेहमी त्यांनाच पाठवत.

"धोंडोबा, तुमच्यासाठी एक पद आहे," ते लांबूनच म्हणाले.

"काय करायचं?"

"हरणांमागे पळायचं."

"ते मी करतोच आहे."

"तुम्ही खाजगीत करता. आता मंडळाकडून करायचं. फक्त एक आहे. गाठायचं नाही."

धोंडोबाला वाटलं, भुकेने आपले कान गेले. "गाठायचं नाही, तर पळायचं कशाला?"

"त्याला खेळ म्हणतात," काटेकोरपंत म्हणाले. "ओढा आला की थांबायचं. जंगलात कुणी म्हातारपणाने गेलं, की ते मंडळामार्फत तुमच्या घरी पोचेल. शिवाय अस्वलाकडून कंदमुळं."

धोंडोबा गुहेत डोकावला. धाकटं पिल्लू आपलंच शेपूट चघळत होतं.

"कधीपासून येऊ?" त्याने विचारलं.

पहिल्या दिवसाची गंमत काय सांगू! झुळूक जांभळाखाली उभी होती. तिला एवढंच सांगितलं होतं, की आज एक नवीन सहायक येणार आहेत. टिटवीने पहिला टिव दिला आणि जांभळामागून धोंडोबा निघाला. झुळुकीने त्याला पाहिलं. मग तिने काहीच पाहिलं नाही. ती ओढ्यापाशी पोचली तेव्हा टिटवीचे छत्तीस टिव झाले होते.

जंगलाने एकच जल्लोष केला. झुळूक थरथर कापत रडत होती. "गाणं ऐकून रडतेय," सगळे कौतुकाने म्हणाले. गाणं अजून वाजायचं होतं.

शृंगाररावांनी तिला हार घातला. मग उरलेली एक लहानशी माळ त्यांनी काठीने पुढे सरकवून धोंडोबाच्या गळ्यात अडकवली. टाळ्या झाल्या. ससे, चितळं, भेकरं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

धोंडोबा तसाच उभा राहिला. आजवर त्याला पाहून जे कुणी हलले, ते सगळे उलट्या दिशेने हलले होते. आपल्याकडे बघून कुणी थांबतं आणि आनंदतं, हे त्याला या वयात पहिल्यांदाच कळत होतं. त्याच्या घशात काहीतरी दाटून आलं. सवयीने त्याला वाटलं की ते हाड असेल. ते हाड नव्हतं.

घरी जाऊन त्याने माळ भागाबाईला दाखवली.

"खायची आहे का?" तिने विचारलं.

"नाही. मानाची आहे."

भागाबाईने ती हुंगली आणि पिल्लांना खेळायला दिली.

दिवस बरे गेले. वेळच्या वेळी जेवण येऊ लागलं. पिल्लं गुबगुबीत झाली. धोंडोबाला पोट सुटलं. तो रोज सकाळी माळावर जायचा, हरणांमागे पळायचा, ओढ्यापाशी थांबायचा आणि सगळ्यांबरोबर पाणी प्यायचा. सुरुवातीला हरणं त्याच्यापासून दहा हात लांब उभी राहायची. मग पाच हात. मग एक दिवस झुळूक त्याच्या शेजारीच येऊन उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही डाव्या पायाने लंगडता का?"

"जुनं दुखणं आहे, पोरी. एका नीलगाईने लाथ मारली होती."

"मग उतारावर जपून येत जा."

आणखी एक हरीण होतं, मंदार नावाचं. ते नेहमी शेवटचं यायचं. झुळूक कधीच ओढ्यावर पोचलेली असायची आणि मंदार अजून अर्ध्या माळावर, धोंडोबाच्या बरोबरीने. दोघांची चांगली गट्टी जमली. मंदार त्याला विचारायचा, "काका, दमलात? थांबू का?" आणि खरंच थांबायचा.

आता, बाळांनो, तुमच्या लक्षात आलंच असेल. जो लांडगा दमला तर हरीण थांबतं, त्या लांडग्याला भिऊन विक्रम कसा व्हायचा? छत्तीसचे अडतीस झाले. अडतीसचे पुन्हा चाळीस झाले. एक दिवस झुळूक धावता धावता मागे वळून म्हणाली, "काका, आज जरा हळू गुरगुरा ना, डोकं दुखतंय." त्या दिवशी बेचाळीस झाले.

मंडळाने धोंडोबाला बोलावून घेतलं. डबक्याशेजारच्या बांबूच्या बेटात बैठक होती.

"तुमच्या गुरगुरण्यात पूर्वीसारखा भाव राहिला नाही," काटेकोरपंत म्हणाले.

"पोट भरलेलं असतं, साहेब. भाव कुठून आणू?"

"भीती ही नाशवंत आहे," एकपादशास्त्री म्हणाले. "तिला मधूनमधून खतपाणी घालावं लागतं."

मग सगळे शृंगाररावांकडे बघू लागले. शृंगाररावांनी आपली शिंगं एकदा डावीकडे झुकवली, एकदा उजवीकडे.

"धोंडोबा, खेळाच्या हितासाठी तुम्ही एकदा, म्हणजे अगदी एकदाच, कुणाला तरी… थोडंसं…"

"थोडंसं काय?"

"खावं."

"थोडंसं खाता येत नाही, साहेब."

"बरं, मग पूर्ण. बाकीची हरणं ते बघतील आणि पुन्हा मन लावून धावतील."

"कुणाला खाऊ?"

यावर सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. मग एकपादशास्त्री पाण्याकडे बघत म्हणाले, "मंदार कसा आहे? तसाही तो शेवटीच येतो. सरासरीसुद्धा सुधारेल."

"मंडळाने असं काही सांगितलं, असं मात्र कुठे बोलू नका," काटेकोरपंत म्हणाले. "हा आपला आपसातला विषय."

धोंडोबा माळावर आला. मंदार एकटाच ओढ्याकाठी चरत होता. पाठमोरा. वारा उलट्या बाजूचा. धोंडोबाच्या जुन्या दिवसांत अशी संधी वर्षातून एकदा मिळायची. तो दबकत दबकत गेला. मंदारच्या मागे एका उडीच्या अंतरावर आला.

"काका ना?" मंदार वर न बघताच म्हणाला. "पाऊल ओळखलं मी. या, इकडे गवत… अरे हो, तुम्ही गवत खात नाही. मग पाणी प्या. इथे गार आहे."

धोंडोबा पाणी प्याला आणि परत बांबूच्या बेटात गेला.

"जमणार नाही," तो म्हणाला.

"का? जन्मभर हेच करत आलात ना?"

"भूक लागली म्हणून केलं, साहेब. भूक असली तर मी कुणालाही खाईन, आणि त्याची माफीही मागणार नाही. पण सरासरी सुधारायला मला खाता येत नाही."

शृंगाररावांना हा मंडळाचा अपमान वाटला. धोंडोबाला त्याच बैठकीत कमी केलं. शिस्तभंग केला म्हणून. दुसऱ्या दिवसापासून गुहेशी जेवण येणं बंद झालं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. धोंडोबा शिकारीला निघायचा, तर माळावरची हरणं त्याला बघून पळतच नव्हती. "काका, रजेवर का?" "काका, बरं नाही का? वाळलात!" म्हणून चौकशी करायची. जी शिकार पळत नाही, तिच्यामागे धावायचं कसं? आणि जी आपल्या तब्येतीची चौकशी करते, तिच्या मानेला दात लावायचा कसा? तो रोज नमस्कार-चमत्कार करून रिकामा परत यायचा.

पिल्लांच्या बरगड्या पुन्हा दिसायला लागल्या. धाकट्याने खेळायला दिलेली माळ खाऊन टाकली.

"जंगलभर ओळखी करून ठेवल्यात," भागाबाई म्हणाली. "आता त्या ओळखी शिजवू का?"

धोंडोबा उठून गुहेबाहेर गेला. बोलायला तोंड होतं कुठे?

तेवढ्यात मंडळाचा वार्षिक मेळावा आला. शेजारच्या जंगलातून पाहुणे बोलावले होते. जांभळाखाली व्यासपीठ, व्यासपीठावर शृंगारराव, काटेकोरपंत, अस्वल आणि पाण्याचं डबकं सोडून खास आलेले एकपादशास्त्री. समोर हरणं एका ओळीत. वर टिटवी.

धोंडोबा सकाळीच गुहेतून निघाला. जे पहिलं समोर येईल ते धरायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पोट पाठीला लागलं होतं. आज डोळ्यांत वेगळंच काहीतरी होतं.

पहिली समोर आली झुळूक.

"काका आले!" ती आनंदाने ओरडली. "अहो, काका आले! आता होईल विक्रम!"

सगळी हरणं त्याच्याभोवती जमली. मंदारने आपल्या अंगाने त्याला आधार दिला. "किती वाळलात हो," तो म्हणाला. "बसा आधी."

धोंडोबा त्यांच्यामध्ये उभा राहिला. एवढं ताजं, गरम मांस त्याच्या नाकाला लागून उभं होतं आणि तो एकेकाचं नाव मनात घेत होता. झुळूक. मंदार. ही लंगडी, हिची आई मागच्या हिवाळ्यात गेली. त्याला रडू यायला लागलं. त्याने तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं, तसं समोर व्यासपीठ आलं.

आणि त्याच्या पोटातून एक गुरगुर निघाली. ती त्याने काढली नव्हती. ती पोटाने आपणहून काढली होती. तिच्यात पूर्वीसारखा भाव होता.

हरणांना त्यात काही वावगं वाटलं नाही. काका नेहमीच गुरगुरायचे. पण व्यासपीठावरच्यांना ठाऊक होतं की हा लांडगा आता मंडळाचा नाही. त्याला किती दिवस जेवण पाठवलेलं नाही, हे तर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकपादशास्त्र्यांनी प्रथमच दुसरा पाय खाली टेकला आणि ते उडून गेले. अस्वल जांभळावर चढलं. काटेकोरपंतांनी अंगाचा गोळा केला, आता चारी बाजूंनी काटेच काटे. राहिले शृंगारराव. त्यांना पंख नव्हते, नखं नव्हती, काटेही नव्हते. फक्त चार पाय होते आणि ते त्यांनी कित्येक वर्षांत वापरले नव्हते.

ते त्यांनी वापरले.

बाळांनो, असं धावणं त्या जंगलाने कधी पाहिलं नव्हतं! हाराच्या पाकळ्या उधळत, शिंगं मागे टाकून, डोळे पांढरे करून शृंगारराव सुटले. मागे धोंडोबा. टिटवीचं काम टिव देणं. घाबरून ती तेच देत राहिली. पोराबाळांनी तोंडात बोटं घातली. अध्यक्षांनी ओढा ओलांडला तेव्हा अठ्ठावीस टिव झाले होते.

आणि धोंडोबा ओढ्यापाशी थांबला.

त्याला थांबायचं नव्हतं. पाय थांबले. रोज सकाळी ते याच दगडापाशी थांबत आले होते, आजही थांबले. सगळ्या माळाने टाळ्या वाजवल्या. "काका! काका!" असा गजर झाला. धोंडोबा जीभ बाहेर काढून तिथे बसला. त्याला समोर, ओढ्यापलीकडे, अध्यक्षांची पाठ दिसत होती. त्यांचा दम उखडला होता. ते आता जेमतेम चालत होते. आणि त्याचे पाय काही केल्या ओढ्यात पडेनात.

टाळ्या ऐकून लाज वाटावी, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

तेवढ्यात त्याच्या कानाजवळून काहीतरी सूं करून गेलं. ती भागाबाई होती. नवऱ्यावर भरवसा नव्हता, म्हणून ती टेकाडावरून त्याच्या मागोमाग आली होती. तिने ओढ्यात उडी घेतली, पलीकडे निघाली आणि करवंदीच्या जाळीत दिसेनाशी झाली.

अध्यक्षही त्याच बाजूला गेले होते.

त्या संध्याकाळी पिल्लं पोटभर जेवली. धोंडोबाने आधी मान फिरवली. भागाबाईने फक्त एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तोही जेवला.

"अठ्ठावीस टिव," तो मधेच म्हणाला. "मोठा धावपटू होता, म्हणायचा."

"निबर होता," भागाबाई म्हणाली.

मंडळाने शोकसभा घेतली. हरणं खूप रडली. त्यांना अजून वाटत होतं की अध्यक्ष विक्रम करण्याच्या नादात फार लांब निघून गेले. अठ्ठावीसचा विक्रम कैलासवासी शृंगाररावांच्या नावे जाहीर झाला. "मर्यादा अठ्ठावीस आहे, हे मी आधीपासून सांगत होतो," एकपादशास्त्री म्हणाले. अस्वल अध्यक्ष झालं. आणि रोज सकाळी झुळुकीला ऐकवलं जाऊ लागलं, की त्या वयात, त्या शिंगांसकट साहेबांनी जे केलं, ते तुला तरुणपणी जमत नाही?

"साहेबांनी कसं केलं?" तिने एकदा विचारलं.

"निष्ठेने," काटेकोरपंत म्हणाले.

पण मनातून त्यांना खरं काय ते माहीत होतं. म्हणून एक दिवस ते पुन्हा गुहेशी गेले. धोंडोबा पिल्लांना घेऊन उन्हाला बसला होता. त्याला बाजूला ठेवून त्यांनी भागाबाईला हाक मारली.

"बाई, तुमच्यासाठी एक पद आहे. हरणांमागे पळायचं. जेवण मंडळाकडून."

भागाबाई दारात आली. काटेकोरपंत एक पाऊल मागे सरकले.

"एकच नियम आहे," ते म्हणाले. "ओढा आला की थांबायचं."

"का?"

काटेकोरपंतांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी बराच विचार केला. "कारण तिथे शर्यत संपते."

"तुमची," भागाबाई म्हणाली, आणि आत गेली.

तात्पर्य : नियमित सराव, जिद्द आणि आहार यांच्या बळावर कोणतीही मर्यादा ओलांडता येते. त्यांपैकी आहाराकडे विशेष लक्ष द्यावं. मात्र आपल्या नव्हे, मागून येणाऱ्याच्या.